कंबरेच्या मणक्यांची घनता चांगली, खुब्याची कमी: कोणता आकडा मानायचा?

सातारकर:
नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची आहे. कंबरेचा चौथा मणका पाचव्यावर सरकल्यामुळे तिच्या पायात कळा येतात, आणि स्क्रू घालून मणके जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्याआधीच्या डेक्सा तपासणीत (क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी) कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या हाडांशी तुलना करणारा आकडा; जितका जास्त उणे, तितके हाड विरळ) उणे ०.८, तर खुब्याचा उणे २.६ आला. शस्त्रक्रिया मणक्याची आणि मणक्याचा आकडा चांगला, तरीही डॉक्टर आधी हाडांवर उपचार करू म्हणतात, ते का?

अस्थिशल्यचिकित्सक:
तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे. डेक्सा क्ष-किरणांच्या वाटेत येणारे सगळेच कॅल्शियम हाडाच्या खात्यात जमा करते. उतारवयात मणक्यांच्या कडांना वाढलेले हाड, झिजून जाड झालेले सांधे, महाधमनीच्या भिंतीत साठलेले कॅल्शियम, इतकेच काय, दबून चपटा झालेला मणकासुद्धा हा आकडा वाढवतो, आणि आतले जाळीदार हाड, ज्यात स्क्रूला पकड मिळायची असते, ते पोकळ होत गेल्याचे कळत नाही. म्हणून मणक्याच्या रुग्णात खुब्याचा आकडा अधिक विश्वासाचा. १९९४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा आजार, धरतात. तुमच्या आईंचे निदान खुब्यावरूनच ठरते. दोन्ही खुबे बदललेले असतील, तर मनगटाजवळचे हाड मोजतात.

क्ष-किरणतज्ज्ञ:
कंबरेचा सीटी स्कॅन झाला असेल तर तो पुन्हा काढायला सांगू नका, आहे तोच दाखवा. कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या आतल्या भागाची घनता हाउन्सफिल्ड एककात त्यावरच मोजता येते. ती ११० हून कमी असेल तर ऑस्टिओपोरोसिसचा संशय बळकट होतो, १६० हून जास्त असेल तर शक्यता बरीच कमी. मात्र दबलेला मणका मोजायचा नसतो.

सातारकर:
आभारी आहे. सीटी झालेला आहे, तो दाखवतो. आईची उंची गेल्या काही वर्षांत कमी झाल्यासारखी वाटते. ती पडलेली मात्र नाही. याला महत्त्व आहे का?

फिजिशियन:
आहे, आणि फार आहे. मणके न पडताही दबतात, आणि बहुतेकदा ते त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही. दुखणे वयाचे म्हणून सोडून दिले जाते. पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्या. किरकोळ कारणाने मणका दबला असेल, तर टी-स्कोअर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचेच होते. रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड, थायरॉइड, क्रिएटिनिन आणि प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस तपासावे. शेवटची तपासणी बहुधा राहून जाते, पण मायलोमा हा हाडांचा घात करणारा कर्करोग तिच्यातूनच सापडू शकतो. दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेतले असतील तर तेही आवर्जून सांगा. हाड नव्याने बांधणारी टेरिपॅराटाइडसारखी इंजेक्शने शस्त्रक्रियेआधी सुरू करावीत का, हे या सगळ्यावरून ठरेल. पायातली ताकद कमी होऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना गाठा.