मनीला पिसवा झाल्यात, मानेवर टाकायचं औषध कसं लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय, रामबागेत राहतो आम्ही. आमची मनी तीन किलोची आहे, पाऊस लागल्यापासून नुसती खाजवत बसते. काल शेपटीच्या बुडाशी केस बाजूला केले तर काळे काळे कण, मला वाटलं माती असेल, पण ओल्या कापसावर घासले तर लालसर डाग पसरला, म्हणजे पिसवांची शीच ती, रक्त पचलेलं. पाच आठवड्यांचं पिल्लूही आहे, तेही खाजवतं. शेजारच्या काकूंकडे त्यांच्या कुत्र्याच्या औषधाची एक नळी उरली होती, ती त्यांनी मायेने आणून दिली, म्हणाल्या अर्धीच टाक. खोक्यावर पर्मेथ्रिन लिहिलंय. टाकू का? मागे एकदा मांजराचंच औषध पाठीवर टाकलं होतं तर तिने चाटलं आणि तोंडातून फेसच फेस, रात्रभर जागलो आम्ही, तेव्हापासून धीरच होत नाही. आज रात्री टाकायचा विचार आहे, प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १:
ताई, अजिबात टाकू नका, अर्धी काय, थेंबभरही नको!! पर्मेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराच्या लिव्हरला ते नीट पचवता येत नाही, मग अंग थरथरतं, आकडी येते, जीवही जातो. चुकून कधी लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाने धुवून तडक डॉक्टर गाठायचा. काकूंचा कुत्रा घरी येत असेल तर त्याला औषध टाकल्यावर तीन दिवस मनीपासून लांब ठेवा.
मांजरांसाठीच्या औषधात फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असतं, डॉक्टरांना वजन सांगा आणि पिल्लाला पाजतेय हेही सांगा. जागा म्हणजे कवटी संपते तिथे, मानेच्या मागे, तिथे जीभ पोचत नाही. पाठीवर टाकलंत म्हणून चाटलं तिने. औषध कडू असतं, फेस बहुतेक त्यानेच आला. केस दोन्हीकडे सारून कातडी दिसली की नळीचं टोक तिथे टेकवून दाबायचं, केसांवर सांडलं तर वाया. मी आमच्या बोक्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेते आणि कोणीतरी समोर बशी धरतं. आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको.

धागाकर्ती:
बापरे, बरं झालं विचारलं. पिल्लाला काय करू?

प्रतिसाद २:
आठ आठवडे होईपर्यंत त्याला हे औषध नको. बारीक दातांच्या फणीने विंचरा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. मनीची मान वाळेपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत. गोधड्या गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडा, अंडी बहुतेक तिथेच असतात. कोषातल्या पिसवा नंतरही काही आठवडे निघत राहतात, दिसल्या म्हणून लगेच दुसरी नळी टाकू नका.

धागाकर्ती:
काकूंना नळी परत दिली, मांजराला विष आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं, बिचाऱ्या फार घाबरल्या. उद्या सकाळी मनीला डॉक्टरांकडे नेतेय. पिल्लाला आत्ताच विंचरलं, वाटीत सात पिसवा निघाल्या.