उन्हाळ्यात फुलणारे कंद: नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

निशिगंध, मे फ्लॉवर, अमरिलिस, वळवाच्या पावसाबरोबर उगवणारी छोटी लिली... तुमच्याकडे काय फुलतं, कधी लावता, फुलं संपल्यावर कंदांचं काय करता? पुस्तकी माहिती नको, तुमच्या मातीत काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

गंगापूर रोड, अंगणातली बाग
आमची माती काळीभोर. ओली झाली की पाणी सोडत नाही, सुकली की भेगाळते. निशिगंधाला हे दोन्ही सोसत नाही. म्हणून वाफा वीतभर उंच केलाय, त्यात जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत. एप्रिलमध्ये सुपारीएवढे टणक कंद निवडून तीन बोटं खोल, वीत-वीत अंतरावर लावते. कोंब वर येईपर्यंत पाणी अगदी बेताचं. आपल्याकडे कंद उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त मरतात, हे माझं ठाम मत. आणि हो, एप्रिलमध्ये लावून मेमध्ये वास शोधू नका. पहिले दांडे यायला आषाढ-श्रावण उजाडतो. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यातही येतात.

पंचवटी
निशिगंध घ्यायचा तर एकेरी, म्हणजे पाकळ्यांची एकच रांग असलेला घ्या. डबल दिसायला भरगच्च, पण वास कमी, आणि कडक उन्हात कळ्या अर्धवटच उमलतात. राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' एकेरीच आहे. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेची 'प्रज्वल'ही एकेरी, तिच्या कळीवर फिकी गुलाबी झाक असते. देवाला आणि हाराला डबल काय कामाची, असं आमच्या सासूबाई म्हणतात आणि त्यांचंच खरं आहे.

सिडको, गच्ची
माझ्याकडे मे फ्लॉवर. काही जण फुटबॉल लिली म्हणतात. आधी मातीतून जाड ठिपकेदार दांडा, मग लाल तंतूंचा गोळा, आणि पानं सगळ्यात शेवटी. फूल वर्षातून एकदाच. ते गेलं की कुंडी कोपऱ्यात ढकलू नका, कारण पुढच्या वर्षीचं फूल पावसाळ्यातल्या पानांवरच ठरतं. तेव्हाच शेणखत द्यायचं. थंडीत पानं पिवळी पडली की पाणी बंद. मेमध्ये गच्ची तापते, तेव्हा कुंडीखाली विटा आणि दुपारपुरती हिरवी जाळी.

पाथर्डी फाटा
परदेशी व्हिडिओ बघून ग्लॅडिओलस मार्चमध्ये लावू नका! तिकडचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा, थंडीत फुलेल. डेलियाचंही तेच.

मखमलाबाद
अमरिलिसवाल्यांनो, पावसाळ्यात पानं उलटून बघा. काळी अळी, अंगावर पांढरे आणि लाल-पिवळे ठिपके. लहान असताना पानाच्या मागे घोळक्याने बसते आणि हिरवा गर खरवडून खाते, पान पांढरट जाळीदार दिसतं. तेवढ्यातच वेचून साबणाच्या पाण्यात टाकायची. सवड दिलीत तर कंदाच्या मानेपर्यंत पोचते. निंबोळी अर्क मी फवारते, पण खरं काम हातानेच होतं. छोट्या लिलीवरही हीच येते.

निफाडजवळ
आम्ही कांदावाले, त्यामुळे कंद साठवायला वेगळं शिकावं लागलं नाही. चाळीत कांदा टिकतो तो खालून-वरून वारा खेळतो म्हणून. ग्लॅडिओलसचे कंद काढले की सावलीत सुकवायचे, मऊ पडलेले फेकायचे, उरलेले जाळीच्या पिशवीत टांगायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते.

इंदिरानगर
@निफाडजवळ, टांगा, पण स्वयंपाकघरात नको. अमरिलिसचा कंद हुबेहूब कांदा दिसतो आणि पोटात गेला तर उलट्या होतात. घरात कुत्रं असेल तर उकरलेले कंद उघड्यावर ठेवू नका.

सातपूर
माझ्या मे फ्लॉवरला यंदा नुसती पानंच आली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मोठ्या कुंडीत हलवला होता. कंद खराब झाला का?

सिडको, गच्ची
@सातपूर, नाही. मुळं दुखावली की तो एखादं वर्ष रुसतो. आता हलवू नका. कंदाची मान मातीच्या वर दिसते आहे ना, तेवढं बघा. त्याला दाटीवाटी आवडते, मोठी कुंडी उगाच दिलीत. आणि कंद अजून लिंबाएवढाच असेल तर फुलायच्या वयाचाच नाही तो.