गोवर: अँटिबायोटिक नको म्हणाले, आणि घरात आठ महिन्यांचं बाळ आहे

मृण्मयी: बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाच्या अंगावर कालपासून पुरळ आहे. डॉक्टरांनी गोवर सांगितला. लसीचा एकच डोस झाला होता. व्हिटॅमिन ए दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही. हे पुरेसं आहे का? घरात आठ महिन्यांचं बाळही आहे.

वॉर्डातली सिस्टर: ताई, आधी बाळाचं बघा. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर पसरतो. म्हणजे बाळाचा संपर्क पाच दिवसांपूर्वीच झालेला असणार. लस ७२ तासांत द्यावी लागते, ती वेळ गेली. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन, सहा दिवसांपर्यंत देता येतं, त्यामुळे आजच हालचाल करा. जाण्याआधी फोन करा. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीतल्या हवेत दोन तास राहू शकतो.

मोठ्याचे उपचार बरोबर आहेत. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. न्यूमोनिया झाला, कान फुटला तर ते लागतं. व्हिटॅमिन ए दोन दिवस लागोपाठ देतात, त्याच्या वयाला रोज २,००,००० युनिट. तिसरा डोस मनाने देऊ नका, जास्त झालं तर यकृताला बाधतं. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको.

मी मुलांच्या वॉर्डात काम करते. आईवडील पुरळ मोजत बसतात, मी श्वास मोजते. मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, उतरलेला ताप परत चढणं, गुंगी, पाणी न पिणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय.

जुनाजाणता: आमच्या वेळी गोवर सगळ्यांनाच व्हायचा, आणि बराही व्हायचा.

वॉर्डातली सिस्टर: काका, १९६३ मध्ये लस आली. लसीकरण सगळीकडे पोचण्याआधी जगात वर्षाला सुमारे २६ लाख माणसं गोवराने जात होती. जी वाचली त्यांचीच आठवण आपल्याकडे उरते. साथ थोपवायला १०० पैकी ९५ जणांचे दोन्ही डोस लागतात. कॅनडा १९९८ पासून गोवरमुक्त होता. लसीकरण घसरलं, साथ वर्षभर आटोक्यात आली नाही, आणि २०२५ मध्ये तो दर्जा गेला.

मृण्मयी: फोन केला, बाळाला लगेच बोलावलंय. बहिणीची जाऊ गरोदर आहे, तिचं काय?

वॉर्डातली सिस्टर: गरोदरपणात ही लस देत नाहीत. तिचे दोन डोस झाल्याची नोंद शोधा. नसेल तर रक्त तपासतात आणि गरज असली तर तिलाही इम्युनोग्लोब्युलिन देतात. तिच्या डॉक्टरांनाही आत्ताच फोन करा.