थँक्सगिव्हिंगला विहीणबाईंकडे पाय न्यायचाय (सफरचंद + अक्रोड), मदत हवी

शेवंती
मंडळी, दिवाळीच्या आधीपासून लेकीकडे आले आहे, ओहायोत, कोलंबसला. जावई इथलाच. त्याचे आईवडील क्लीव्हलंडच्या बाजूला राहतात आणि यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण त्यांच्याकडे. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे माझ्या हातात बारा दिवस आहेत.

रीत म्हणून फोनवर विचारलं, येताना काय आणू? वाटलं होतं, म्हणतील काही नको, नुसत्या या. तर बाई लगेच म्हणाल्या, फळं आणि नट्स घातलेला एक पाय (मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात तो) आणा, टर्की आणि भोपळ्याचा पाय मी करते. आमचे हे तेव्हापासून भारतात ज्याला त्याला फोन करून सांगतायत की विहीणबाईंनी हिला पाय घेऊन बोलावलंय, एकच आणला तरी चालेल म्हणाल्या.

माझं बेकिंग नानकटाईपाशी संपतं. पोळ्या चाळीस वर्षं लाटतेय, म्हणून लाटायची भीती नाही, बाकी सगळ्याची आहे. मी अंडं खात नाही, तेव्हा बिनअंड्याचाच हवा. शिवाय दोन-सव्वादोन तास गाडीतून न्यायचाय. लेक म्हणते पारी तयार मिळते, आणून टाकू. मला तयार नको आहे. पहिल्यांदाच व्याह्यांच्या घरी जेवायला जायचं आणि दुकानातली पारी न्यायची?

खारीबिस्कीट
काकू, आधी तो पोळ्यांचा अनुभव दाराबाहेर काढून ठेवा, सगळ्यात जास्त तोच नडतो. कणीक आपण तिंबतो, मळून ठेवतो, परत मळतो. इथे पीठ जितकं कमी हाताळाल तितकी पारी खुसखुशीत. मळलंत की मैद्यातलं चिवट ग्लुटेन ताणलं जातं, पारी भाजताना आक्रसते आणि चामट होते.

चिरोटे करत असाल तर निम्मी लढाई जिंकलात. साटा लावून पदर सुटतात ना, तेच काम इथे थंडगार लोण्याचे तुकडे करतात. ओव्हनमध्ये लोणी वितळतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पीठ उचलून धरते. म्हणून लोणी पिठात एकजीव करायचं नाही, वाटाण्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. मोहन घालतो तसं गरम करून तर मुळीच नको.

वरखाली दोन्ही पाऱ्यांसाठी, ९ इंची भांड्याला: मैदा अडीच कप (३०० ग्रॅम), मीठ एक लहान चमचा, साखर एक मोठा चमचा, लोणी दोन स्टिक (२२६ ग्रॅम), बर्फाचं पाणी सहा ते आठ मोठे चमचे. पाणी एकेक चमचा घालत जा. मुठीत दाबल्यावर गोळा धरला की बस. तो भुसभुशीत आणि बिघडल्यासारखा दिसेल, तरी हात आवरा. दोन चपटे गोळे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून किमान तासभर फ्रीजमध्ये. अंडं कुठेच लागत नाही. वरून चमक यायला काही लोक लावतात, तुम्ही दूध किंवा क्रीम लावा, रंग छान येतो.

डब्यातली_पोळी
तयार पारीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. इथल्या काही तयार पाऱ्यांमध्ये लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. पुढे मोठ्या अक्षरात 'पाय क्रस्ट' आणि मागे बारीक अक्षरात घटक. मी चार वर्षं आणत होते, एकदा सासऱ्यांनी चष्मा लावून पाकीट वाचलं. पुढचं विचारू नका. सगळ्यांत नसतं, पण आणलीच तर वाचून आणा.

शेवंती
अगं बाई! बरं झालं सांगितलंस. लेकीला वाचून दाखवलं, तिनं फ्रीजरमधलं पाकीट उलटं करून पाहिलं आणि काही न बोलता परत आत ठेवलं. पारी घरीच.

आता सारणाचं बोला. सफरचंदं कुठली? इथे दुकानात वीस तऱ्हा आहेत, सगळी मेणाच्या फळांसारखी चकचकीत.

व्हीलबॅरो
ओहायोत आहात तर मेलरोझ शोधा. तिथलंच सफरचंद आहे, वूस्टरच्या कृषी संशोधन केंद्रात जोनाथन आणि रेड डिलिशसच्या संकरातून काढलेलं, १९४४ साली बाजारात आलं. पायला उत्तम, टिकतंही भरपूर. सुपरमार्केटात क्वचित दिसतं, शनिवारच्या शेतकरी बाजारात किंवा बागेवर मिळेल.

नाही मिळालं तर ग्रॅनी स्मिथ, ते हिरवं आंबट, निम्मी. निम्मी हनीक्रिस्प. एक आंबट, एक गोड, दोन्ही भाजल्यावर फोड धरून ठेवणारी. मॅकिंटॉश घेऊ नका, त्याचा गरगट होतो. सॉसला छान, पायला नाही. एकूण साधारण सव्वा किलो, सालं काढून पाव इंच जाड फोडी.

अळूचं_फदफदं
पिकान (अक्रोडासारखाच नट) घाला की! अमेरिकेचं स्वतःचं झाड आहे ते, टेक्सासकडचं. अक्रोड काय, आपल्याकडेही मिळतो.

खारीबिस्कीट
पिकान पाय हा वेगळा प्रकार आहे, अळू. त्यात अंडी आणि सिरप असतं, काकूंना चालणार नाही. सफरचंदात नुसते पिकान घालता येतील, पण मला अक्रोडाचा किंचित कडवटपणाच आवडतो, सगळं गोडगोड होत नाही.

एक कप अक्रोड घ्या. आधी एक तोंडात टाकून बघा, खवट असला तर अख्खा पाय खवट. मग ३५० अंशांवर (इथले सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) आठ-दहा मिनिटं भाजून, कोमट असताना कापडात चोळा. सालं बरीचशी निघतात, जास्तीचा कडूपणा जातो.

आणि काकू, ताज्या क्रॅनबेरी एक कप घालाच. याच दिवसांत मिळतात. आंबट असतात, रंग सुरेख येतो आणि पेक्टिन भरपूर असल्यामुळे रस धरायला मदत होते. वाळवलेल्या नकोत, त्यांत आधीच साखर असते.

निंबोणी
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. जेवायला येणाऱ्यांत कुणाला नट्सची ॲलर्जी आहे का? माझ्या मुलाला आहे म्हणून डोक्यात पहिलं तेच येतं. शेंगदाण्याची आणि अक्रोड-पिकानची ॲलर्जी वेगवेगळी असते, पण काहींना दोन्ही असतात. विहीणबाईंना सरळ फोन करा.

शेवंती
केला फोन. त्यांच्या धाकट्याच्या मुलाला शेंगदाण्याची आहे. अक्रोड, पिकान, बदाम तो रोज खातो म्हणाल्या, पण अक्रोडाच्या पाकिटावर शेंगदाण्याबद्दल काही लिहिलंय का तेवढं बघा. बघितलं, 'याच यंत्रावर शेंगदाणे' असं लिहिलेलं. ते पाकीट आता आम्ही खाऊ, दुसरं आणलं. निंबोणी, तुझे आभार कसे मानू!

मसाला काय घालू? मला वेलची घालाविशी वाटतेय.

डब्यातली_पोळी
वेलची घाला, काय बिघडतं? आपली म्हणून एक ओळख.

व्हीलबॅरो
नको हो. दालचिनी एक लहान चमचा आणि चिमूटभर जायफळ. वेलची घातलीत की त्याचा शिरा होतो. त्यांच्या सणाला त्यांच्या चवीचं न्या, वेलची पुढच्या वर्षी.

कोरडी_भेळ (नाशिक)
बेदाणे चालतील का? आमच्याकडे चिक्कार आहेत.

शेवंती
पाठवून द्या, खायला चालतील. :) वेलची रद्द, जायफळ पक्कं.

आज तालीम केली. कहाणी अशी: पारी सुरेख लाटली गेली, तेवढ्यात लेकसुद्धा बघायला आली. वरून सोनेरी रंग, घरभर वास. चाळिसाव्या मिनिटाला काढला. सगळे हातात ताटल्या घेऊन उभे, म्हणून पाच मिनिटांत कापला. सुरी लावली आणि सारणाचा लोंढा आला. खालची पारी पांढरी, ओली, अक्षरशः उकडीसारखी. शिवाय वरची पारी घुमटासारखी उभी आणि तिच्या आत पोकळी. ह्यांनी वाटीत घेतला आणि म्हणाले, खीर चांगली झालीय.

काय काय चुकलं?

खारीबिस्कीट
सारण कसं भरलंत? फोडी शिजवून गरम असतानाच?

शेवंती
हो. कढईत परतून घेतल्या होत्या. रस होता तोही घातला, चवीला छान होता.

खारीबिस्कीट
मग लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच वितळलं. आता नीट सांगते.

फोडींना पाऊण कप साखर, लिंबाचा रस, मीठ, मसाला लावून तासभर ठेवा. रस सुटेल. तो गाळून पातेल्यात आटवा, काकवीसारखा दाट होईपर्यंत. गार झाला की परत फोडींत, त्यातच तीन मोठे चमचे कॉर्नस्टार्च (आपलं कॉर्नफ्लोअर), मग क्रॅनबेरी आणि अक्रोड. फोडी आधीच बसलेल्या असल्यामुळे वर पोकळी राहत नाही. कच्च्या किंवा अर्धवट परतलेल्या फोडी ओव्हनमध्ये आकसतात आणि पारी मात्र वर तशीच वाळून बसते, म्हणून घुमट होतो.

कच्चा तळ हा वेगळा रोग. भांडं कसलं होतं?

शेवंती
काचेचं. ओव्हनच्या मधल्या जाळीवर.

खारीबिस्कीट
सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवा. ॲल्युमिनियमचं भांडं मिळालं तर ते घ्या, लवकर तापतं. जाळीवर एक जाड ट्रे ओव्हनबरोबरच तापवायचा आणि भांडं त्या तापल्या ट्रेवर. काचेचं भांडं फ्रीजमधून काढून असं ठेवू नका, तडकू शकतं.

पहिली वीस मिनिटं ४२५ अंश, मग ३७५ वर आणून आणखी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कडा काळ्या पडायला लागल्या तर त्यांच्यावर फॉइलची पट्टी. रंगावर जाऊ नका. मधोमध, कडेला नव्हे, सारण रटरटताना दिसलं पाहिजे, दाट बुडबुडे येत. त्याशिवाय कॉर्नस्टार्च शिजत नाही आणि रस धरत नाही.

आणि कापायचा चार तासांनी! हे मी ठळक करून लिहिलं असतं, पण काकूंवर ओरडल्यासारखं होईल.

व्हीलबॅरो
न्यायचं कसं त्याबद्दल. बुधवारी रात्री भाजा, उघडा ठेवून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना झाकलात की वाफेनं पारी मऊ पडते. अंडं-दूध नसलेला फळांचा पाय बाहेर दोन दिवस आरामात राहतो, फ्रीज नको. भोपळ्याच्या पायला मात्र लागतो. गाडीत सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते, सगळं एका बाजूला जातं. खोक्यात घालून, खाली ओला फडका पसरून, पायाशी सपाट जागी. तिथे पोचल्यावर ३५० वर पंधरा मिनिटं.

अळूचं_फदफदं
पाय पायाशी. काकांना कळवा.

शेवंती
कळवलं. तेव्हापासून हसतायत.

आणखी एक. वर जाळी विणायची म्हणते लेक. पट्ट्या सुरीनं कापल्या तर कडा सरळ येतात, छान दिसत नाहीत. माझ्याकडे करंजीचं कातणं आहे, तुळशीबागेतलं पितळी, दिवाळीच्या फराळासाठी सोबत आणलं होतं. त्यानं कापू का?

खारीबिस्कीट
काकू!! धावत जा आणि कापा. पट्ट्या कापून झाल्या की दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाका, मग विणा, तुटत नाहीत. कडेला आपली करंजीची मुरड घाला, इथल्यांना बोटानं चेपून घातलेल्या कडेपेक्षा ती भारी दिसते आणि रसही बाहेर येत नाही.

शेवंती
शुक्रवार. आत्ता परत आलो, लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

बुधवारी रात्री पावणेदहाला ओव्हनमध्ये गेला. ॲल्युमिनियमचं भांडं, तापलेला ट्रे, खालची जाळी. चाळीस मिनिटांनी वरून इतका सुंदर दिसत होता की हात शिवशिवले. नाही काढला. स्टूल घेऊन काचेसमोर बसून राहिले. अडुसष्टाव्या मिनिटाला मधल्या चौकटीत लाल रस बुडबुडला, एकदा, मग पुन्हा पुन्हा. तेव्हा काढला.

गाडीत खोकं माझ्या पायाशी. ह्यांना मागे बसवलं.

तिथे त्यांच्या पद्धतीनं जेवायच्या आधी प्रत्येकानं कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मला इंग्रजीत एकच वाक्य सुचलं आणि तेही लेकीबद्दलचं. पाय नंतर आला. सुरी लावताना मी दुसरीकडे बघत होते. पहिली फोड अख्खी उचलली गेली, खालची पारी तपकिरी, कुरकुरीत, सारण जागच्या जागी. धाकट्याच्या मुलानं दोनदा घेतला.

विहीणबाई मात्र कडेवरच अडकल्या. मुरडीवरून बोट फिरवून म्हणाल्या, हे कसं केलंत? सांगून कळेना, तेव्हा त्यांनी उरलेलं पीठ काढलं, आणि आम्ही दोघी ओट्यापाशी. मुरड त्यांना तिसऱ्या खेपेला जमली. कातण्यानं मात्र त्या पट्ट्यांमागून पट्ट्या कापत सुटल्या, थांबेनातच.

कातणं तिकडेच राहिलं आहे. मी मुद्दाम मागितलं नाही. कुणी पुण्याहून येणार असेल तर तुळशीबागेतून एक आणाल का? पितळीच हवं, प्लास्टिकचं नको.