कोळशाची मगर: रूपक, की नुसतीच मगर?

कोळसेवाला

बडोद्यात नुकत्याच एका छोट्या खेळात दाखवलेल्या, तिथल्याच एका मुलीने कोळशाने काढलेल्या ॲनिमेशन शॉर्टफिल्मवर इकडेतिकडे बरंच बोलणं चाललंय, म्हणून वेगळा धागा काढतोय. पाहिली नसेल त्यांच्यासाठी: चार मिनिटं, संवाद नाहीत, एकच स्वयंपाकघर. बाई विळीवर भेंडी चिरतेय. दाराखालून पाणी येतं, घोट्यापर्यंत चढतं. मागोमाग मगर येते आणि ओट्याखाली जाऊन बसते. बाई तिच्या पाठीवर पाय देऊन वरच्या फळीवरचा डबा काढते. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. पाणी ओसरतं, मगर जाते, भिंतीवर पाण्याची रेघ उरते. बाई रेघेवर चुना फिरवते, रेघ पुन्हा दिसते. संपली.

मगरीचे आतापर्यंत लागलेले अर्थ: सासू, सरकार, हवामानबदल आणि बाईचा दबलेला राग. विश्वामित्री नदीला पूर आला की मगर सोसायटीत शिरते, हे बडोद्यात रूपक नसून बातमी असते. २०१९ ला हेच झालं, २०२४ च्या ऑगस्टमध्येही हेच. मुंबईच्या माणसाला ती मगर स्वप्नातली वाटेल, कारेलीबागेतल्या माणसाला नाही.

एकाने लिहिलंय, ‘तोंड मिटूनही दात दाखवते, म्हणजे धमकी’. अहो, मगरीचा खालच्या जबड्यातला चौथा दात तोंड मिटलं तरी बाहेर दिसतोच. दुसऱ्याने लिहिलंय की ती डोळे पुसते, म्हणजे पश्चात्ताप. तो डोळ्यावरून आडवा सरकणारा पारदर्शक पडदा आहे, तिसरी पापणी. काढणारीने प्राणी नीट पाहिलाय, एवढंच यातून कळतं.

आता त्या धूसर सावल्या. मगर पुढे सरकते तशी तिच्या मागे काळपट माग राहतो, त्याला सगळे ‘स्मृती’ म्हणताहेत. एकाच कागदावर कोळशाने काढायचं, फोटो घ्यायचा, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं, अशी ही पद्धत. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज १९८९ पासून असंच करत आले आहेत. कोळसा कागदाच्या दाण्यात, म्हणजे खरखरीत पोतात, शिरतो आणि पूर्ण निघत नाही, म्हणून माग राहतो. आधी साहित्यामुळे काय घडलं ते बाजूला काढा. मग जे उरेल त्याचा अर्थ लावा.

पाणीगेट

बातमीतल्या मगरीच्या पाठीवर पाय देऊन कोणी डबा काढत नाही, कोळसेवाला. तुमचा बातमीचा मुद्दा तिथेच संपतो.

तो शॉट नऊ सेकंदांचा आहे. सेकंदाला बारा चित्रं धरली तर १०८ चित्रं. पूर्ण फिल्मची होतात २,८८०. कॅमेऱ्याने शूट करताना मागून कुत्रं जाऊ शकतं, ॲनिमेशनमध्ये कुत्रंसुद्धा कोणीतरी बसून काढावं लागतं. १०८ वेळा हात काळे करून जे काढलंय त्याला ‘सहज आलं’ म्हणता येत नाही.

आता तो शॉट नीट बघा. बाई पूर्ण भार टाकते, दुसरा पाय पाण्यातून वर उचलते, पदराच्या टोकातून थेंब गळतात. मगरीची पाठ मात्र तसूभर दबत नाही, आणि तिच्याभोवती पाण्यावर एक वलय उठत नाही. काढणारीला वजन दाखवता येत नाही असंही नाही. सुरुवातीला बाई विळीवर पाय रोवते तेव्हा अंगठा पसरतो, पाटाचा कोपरा किंचित कलतो. म्हणजे वजन माहीत आहे आणि मगरीच्या बाबतीत ते मुद्दाम काढून घेतलंय. ती मगर त्या घरात स्टूल झाली आहे. संकटाची इतकी सवय की त्याच्यावर पाय देऊन पोह्यांचा डबा काढायचा. मला हा अर्थ दिसतो, आणि तो दात किंवा पापणीवर उभा नाही.

कोळसेवाला

पाठ न दबण्याचं कारण फार साधं असू शकतं. मगरीच्या पाठीवरचे खवले बघा, सहा-सात रांगा आहेत. पाठ दाबायची तर दर चित्राला सगळे खवले पुसून नव्याने काढावे लागतील, १०८ वेळा. एकट्याने फिल्म करणारा कोणीही तिथे काटकसर करेल: पाठ तशीच ठेवेल आणि बाई हलवेल. जपानी टीव्ही ॲनिमेशन मालिकांत नुसते ओठ हलतात, त्याला आपण प्रतीक म्हणत नाही.

टूजवर

मध्येच बोलतो, कारण एका गोष्टीवर दोन्ही बाजू चुकीचं पाणी ओतताहेत. पूर चढतो तेव्हा साधारण पन्नास सेकंद पडदा ‘धडधडतो’, त्याला कोणी बाईच्या छातीचे ठोके म्हणालं, कोणी खराब दिवे म्हणालं. हे ओळखायची सोपी रीत आहे. फिल्म थांबवा आणि चित्र सोडून कागदाच्या कोऱ्या कडेकडे बघा. कडसुद्धा उजळ-मंद होत असेल तर दोष उजेडाचा किंवा कॅमेऱ्याचा. कड स्थिर आणि फक्त रेषा थरथरत असतील तर ते हाताने काढलेलं.

उजेडाचा दोष बहुतेक चार ठिकाणांहून येतो. एक, खिडकी नीट झाकलेली नसते आणि ढग सरकतो. दोन, कॅमेरा ऑटो एक्स्पोजरवर, म्हणजे उजेड स्वतःच ठरवायच्या सेटिंगवर, राहतो. कागदावर काळं वाढलं की तो आपोआप उजळ करतो, आणि पुराच्या दृश्यात काळं वाढतंच. तीन, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मिचकावतात. शटर सेकंदाच्या १/२५० वर ठेवलं तर प्रत्येक फोटोत त्या मिचकावण्याचा वेगळा तुकडा येतो. चित्र काही पळून जात नाही, म्हणून शटर अर्ध्या सेकंदावर ठेवायचं, त्रास मिटतो. चौथं कारण नवख्यांना कळतच नाही: सगळं मॅन्युअल असूनही लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, दर क्लिकला उघडतं-मिटतं आणि दर वेळी तंतोतंत त्याच जागी थांबत नाही. म्हणून जाणकार हाताने ॲपर्चर फिरवायची जुनी लेन्स अडॅप्टरवर लावतात.

या फिल्ममध्ये कडसुद्धा उजळ-मंद होते. तेव्हा छातीचे ठोके रद्द. मात्र ‘हा दोष आहे’ आणि ‘दोष ठेवून दिला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीफ्लिकर, म्हणजे ही उजळ-मंद काढून टाकणं, आज लॅपटॉपवर सहज करता येतं.

रावपुऱ्याची सून

तुम्ही सगळे कागद आणि दिवे बघताय. प्रेक्षक काय घेऊन येतो ते कोण बघणार? गुजराती घरातली कोणतीही आजी मगर बघून पहिलं नाव घेईल ते खोडियार माताजींचं, मगर त्यांचं वाहन. तिच्यासाठी मगर घरात येणं म्हणजे देवी येणं. आपल्या मराठी घरातली आजी गजेंद्रमोक्ष म्हणेल, आणि तिच्यासाठी मगर म्हणजे पाय धरून ओढणारी. एकाच शहरात, एकाच गल्लीत दोन उलटे अर्थ. बाई मगरीवर पाय देते तेव्हा एका घरात अपमान होतो आणि दुसऱ्या घरात सुटका. बडोद्याच्या मुलीने हे माहीत नसताना मगर काढली असेल, हे मला पटत नाही.

शिवाय बडोद्याच्या कीर्तिमंदिरात चित्रकार नंदलाल बोसांचं गंगावतरण भिंतीवर आहे. इथे चित्रकला शिकणाऱ्या मुलांनी ते पाहिलेलं असतं. घरात उतरणारं पाणी आणि त्याच्याबरोबर मगर, ही जोडी कोरी कुठे आहे?

कोळसेवाला

ताई, खोडियारचा मुद्दा मानतो, तो या मातीतला आहे. गंगावतरणाचा नाही. गंगेचं वाहन मकर, आणि शिल्पांतला मकर म्हणजे सोंडेसारखं तोंड आणि माशाची शेपटी. फिल्ममधली मगर रुंद तोंडाची, विश्वामित्रीतलीच आहे. काढणारीला पुराण सुचवायचं असतं तर सोंडेचा एक इशारा पुरेसा होता. तो टाळलाय. चौथ्या दातापर्यंत काटेकोर राहिलेली आहे ती.

आणि दोन घरांत दोन अर्थ निघत असतील तर फिल्मचा अर्थ कोणता? की दर सीटमागे एक?

पाणीगेट

दर सीटमागे एक नाही. जो अर्थ फिल्ममधल्या जास्तीत जास्त गोष्टी सांभाळतो तो जास्त बरोबर. सासूवाला अर्थ तीन शिट्ट्या आणि चुना, दोन्हींशी जुळत नाही, म्हणून तो पडला.

आता तुमच्या ‘साहित्या’वरच येते. माग राहण्याचं खापर तुम्ही कोळशावर फोडलंत, पण कोळसे दोन जातीचे असतात. विलो झाडाच्या काड्यांचा कोळसा नुसती भुकटी, मऊ सुती फडक्याने झटकला तरी बराच निघतो, उरलेला पुटी रबर (मळता येणारा मऊ खोडरबर) दाबून उचलता येतो. कंप्रेस्ड कोळशात बांधणारा गोंद असतो, तो दाण्यात बसला की घासूनही करडा डाग राहतोच, आणि जोर केला तर कागदाची लव उठते. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का करणारा फवारा, मारला तर काहीच निघत नाही.

फिल्ममध्ये मगरीचा माग शेवटपर्यंत राहतो. बाईचा राहत नाही. ती ओट्यापासून दारापर्यंत चार वेळा जाते आणि मागे कागद जवळजवळ कोरा. कागद तोच, दिवा तोच. मग?

कोळसेवाला

मगर गडद हवी म्हणून कंप्रेस्ड घेतला, बाई हलक्या छटेत म्हणून विलो. गडद काळ्यासाठी कंप्रेस्ड घ्यावाच लागतो, विलो राखाडीच्या पुढे फारसा जात नाही.

पाणीगेट

हेच उत्तर येणार हे ठाऊक होतं. बाईचा अंबाडा बघा. तो मगरीच्या पाठीइतकाच गडद आहे, म्हणजे तुमच्या हिशोबाने कंप्रेस्ड. तिचं डोकं हललं की अंबाड्याचा माग राहायला हवा. राहत नाही. दुसऱ्या मिनिटाच्या शेवटी ती वाकते तिथे थांबवून बघा: अंबाड्याच्या जुन्या जागी कागद खरवडलेला दिसतो, दाणा गुळगुळीत झालेला. तिथे घासून घासून पुसलंय, आणि मगरीपाशी पुसायचा प्रयत्नच नाही. माग राहतो ते कोळशामुळे, हे बरोबर. कोणाचा ठेवायचा ते हाताने ठरवलंय.

बाई दिवसभर राबते आणि तिचा माग राहत नाही. एकदा आलेल्या मगरीचा राहतो. हे मला कोणा समीक्षकाने सांगावं लागत नाही.

टूजवर

अंबाड्याचं खरं आहे, आत्ता बघितलं. खरवडलेली जागा उजेडात किंचित चकाकते, दाणा मेल्याची खूण. एक शंका मात्र ठेवा: चेहऱ्याभोवती माग राहिला तर हावभाव वाचता येत नाहीत, म्हणून पुष्कळ जण चेहऱ्याजवळ जास्त पुसतात. अंबाडा चेहऱ्याला लागून आहे. तिच्या पावलांचा माग राहतो का, ते बघणं जास्त खात्रीचं.

मुका प्रेक्षक

पावलांचा नाही राहत. पण आवाजाबद्दल कोणीच का बोलत नाही? पाण्याला आवाज नाही, मगरीला नाही, फक्त विळी आणि कुकर ऐकू येतो. तिसऱ्या शिट्टीनंतर पाणी उतरायला लागतं. डाळ तीन शिट्ट्यांत होते, म्हणजे पुराची वेळ स्वयंपाकाने मोजली आहे. अर्थ लावायचा तर इथे लावा, हे ध्वनीत नंतर बसवलंय आणि कोळशावर ढकलता येत नाही.

बाकी प्रत्येक प्रायोगिक फिल्ममध्ये चिन्ह असलंच पाहिजे असंही नाही. चित्रकार अकबर पदमसींची ‘सिझिजी’ १९७० च्या आसपासची, नुसत्या रेषा आणि बिंदू, आवाज नाही. तिच्यात सासू शोधून दाखवा.

रावपुऱ्याची सून

आणि जिथे चिन्ह आहे तिथे कोणी लपवूही शकत नाही. चेक कठपुतळी-फिल्मकार इर्झी त्रन्का यांची ‘हात’ १९६५ ची: एक कठपुतळी कुंड्या घडवते, आणि एक खराखुरा माणसाचा हात येऊन तिला म्हणतो, हाताचा पुतळा कर. त्रन्का १९६९ मध्ये गेले आणि त्यानंतर चेकोस्लोव्हाकियात फिल्मवर बंदी आली. सरकारने कठपुतळीचं साहित्य तपासलं नव्हतं, हात कोणाचा ते त्यांना बरोबर कळलं.

कोळसेवाला

बंदी घालणाऱ्याचं वाचन प्रमाण मानायचं का? कठपुतळी-ॲनिमेशनमध्ये बाहुली हलवणाराही हातच असतो. त्या फिल्ममध्ये बाहुलीच्या अंगाला दोऱ्या बांधल्या जातात, तिथे त्रन्का स्वतःच्या धंद्याबद्दलही बोलताहेत. ‘हात म्हणजे सरकार’ म्हणून फाइल बंद केली की ही अर्धी फिल्म हातची जाते. माझी भीती एवढीच आहे. मगरीला एक नाव चिकटलं की तिचा चौथा दात कोणी बघत नाही.

आवाजाचा आणि पावलांचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. अंबाड्याचाही.

पाणीगेट

मग शेवटची रेघ घ्या. चुन्यासाठी पांढरा पेस्टल वापरलाय. कोळशावर पांढरं फिरवलं की दोन्ही मिसळून राखाडी चिखल होतो आणि खालची रेघ अंधुक वर येते. हे साहित्याचं काम, तुमच्या खात्यात. पण पुन्हा येणारी रेघ अंधुक नाही, पहिलीपेक्षा ठसठशीत आहे. आणि चार बोटं वर आहे. पहिली रेघ ओट्याच्या कडेला लागून होती, दुसरी गॅसच्या शेगडीच्या बर्नरपाशी येते.

कोळसेवाला

चार बोटं वर आहे हे दिसलं. ते हाताने काढलेलं, वाद नाही. पण हवामानबदलवाले आता नाचत येतील, त्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा.

टूजवर

येऊ द्या. फक्त त्यांना सांगा की आधी फ्रेम मोजून या. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एक-एक फ्रेम पुढे जाते. फाइल सेकंदाला २४ फ्रेमची आणि काम टूजवर, एक चित्र दोन फ्रेम धरलेलं, म्हणजे दर चित्रासाठी दोनदा दाबायचं. चुन्याचा हात वर जातो तिथपासून मोजायला लागा. रेघ हात उचलायच्या आधी वर सरकते की नंतर, यावर माझं आणि पाणीगेट यांचं जमत नाहीये. आधी सरकत असेल तर ती पुराची. नंतर सरकत असेल तर ती बाईने स्वतः वर नेली, आणि मग वर लिहिलेलं बरंच काही पुन्हा लिहावं लागेल.

पाणीगेट

नंतरच सरकते. पाच फ्रेमनंतर. पुन्हा बघा.