आकार प्रोटीनच देतात म्हणणाऱ्यांनी आरबीसी (लाल रक्तपेशी) बघाव्यात

बायोमास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "लिपिड म्हणजे नुसता भराव, मेम्ब्रेनला आकार प्रोटीन देतात, विषय संपला." रात्री झोप लागेना. अहो, मेम्ब्रेन म्हणजे पेशीचं आवरणच मुळात लिपिडच्या, म्हणजे चरबीसारख्या रेणूंच्या, दोन थरांचं असतं. शीट्झ आणि सिंगर या शास्त्रज्ञांनी १९७४ लाच मांडलंय, बाहेरचा थर जरा पसरला की पेशीला काटे येतात, आतला पसरला की वाटी होते. आखूड शेपटीचं फॉस्फॅटिडिलसेरिन हे लिपिड आरबीसीत घाला, ते बाहेरच्या थरात बसतं म्हणून आधी काटे येतात, मग फ्लिपेज (लिपिड आतल्या थरात पलटवणारी पेशीतली यंत्रणा) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून ते आत ओढतं तसे काटे जाऊन वाटी होते. कोलीनवालं लिपिड घातलं तर काटे तसेच, त्याला फ्लिपेज फारसं हात लावत नाही!

कालचाच मी: मग फ्लिपेज काय आहे? प्रोटीनच ना! लिपिड आपणहून पलटायचं म्हटलं तर तासन्‌तास जातात. आणि मेम्ब्रेनखालची स्पेक्ट्रिन प्रोटीनची जाळी विसरलात, ती नीट धरली नाही की पेशी गोल होतात, स्फेरोसायटोसिस हा आजार बघा.

बायोमास्तर: हमालाने पोतं उचललं म्हणून वजन हमालाचं होत नाही.

लॅबताई: काट्यांचा विषय निघालाच आहे तर बोलते. सकाळी नऊला काढलेलं रक्त एका दवाखान्यातून आमच्याकडे रात्री आठला यायचं, ईडीटीएत (रक्त गोठू न देणारं रसायन) दिवसभर पडलेलं, स्लाइडवर जिकडे तिकडे काटे. मी लिहिलं 'नवीन सॅम्पल पाठवा' तर फोनवर मलाच झापलं, आणि किडनीच्या आजारातही काटे दिसतात म्हणून त्या सॅम्पलवाल्या बाईला किडनीच्या तपासण्यांना पळवलं, क्रिएटिनिन नॉर्मल निघालं. कुणाच्या पैशाने?

कालचाच मी: ताई, इथे मेम्ब्रेनवर चाललंय. शिळ्या रक्तात एटीपी संपतो म्हणून काटे, लिपिडचा काय संबंध?

लॅबताई: आवाज कमी करा. वीस वर्षं स्लाइडच बघतेय मी.

बायोमास्तर: संबंध आहे. एटीपीविना आतल्या थरातलं पीआयपी२ हे लिपिड टिकत नाही, आतलं क्षेत्रफळ घटतं, बाहेरचं जास्त ठरतं, म्हणून काटे. फेरेल आणि ह्युस्टिस, १९८४.

स्लाइडवाला: नुसत्या काचेनेही काटे येतात हो, काचेजवळ पीएच चढतो. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) घातलं की जातात. ताईंनी तेवढं तपासलं होतं का?

लॅबताई: त्याच काचेवर आमच्या स्टाफचं ताजं रक्त घेतलं होतं, त्यात एक काटा नव्हता. अजून काही?

कालचाच मी: बरं, 'नुसता भराव' हा शब्द मागे घेतो. पण जाळीशिवाय आरबीसी तग धरत नाही, तेवढं तुम्हीही माना.

बायोमास्तर: ते मी नाकारलंच कधी?