मदत हवी आहे: रेडिएशन दिलेल्या पेशींवर कर्क्युमिन, आधी की नंतर?

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेकचा प्रोजेक्ट चालू आहे, हळदीतल्या कर्क्युमिनने रेडिएशनमुळे पेशींमध्ये होणारं इन्फ्लमेशन (दाह) कमी होतं का ते बघतेय. गॅमा किरण पडले की पाण्याचे रेणू फुटून फ्री रॅडिकल्स तयार होतात, डीएनए तुटतो, मग एनएफ-कप्पा-बी (दाहाची जीन्स चालू करणारं प्रोटीन) जागं होऊन आयएल-६ वगैरे (दाह वाढवणारी संदेश-प्रोटीन्स) सुटायला लागतं आणि कर्क्युमिन तिथेच आडवं येतं, इथपर्यंत ठीक. पण ते पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून डीएमएसओ हे द्रावक वापरावं लागतं, आणि डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतं!! मग आयएल-६ उतरलं तर श्रेय कोणाचं? तुलनेसाठी कर्क्युमिनशिवाय नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवलाय, ०.१ टक्के, तेवढा पुरेल ना?

दुसरं म्हणजे डोस रेडिएशनच्या आधी द्यायचा की नंतर? आधी दिला तर मुळात इजाच कमी झाली म्हणून इन्फ्लमेशन कमी, असं कोणीही म्हणेल, मला नंतर दिलेलंच जास्त पटतं. त्यात कर्क्युमिन मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) भराभर विघटित होतं, त्यात सीरम (रक्तातला पेशी नसलेला द्रव) असलं की जरा टिकतं, उजेडही चालत नाही, फॉइल गुंडाळूनच ठेवते. कोणी असं काम केलंय का? प्लीज जरा सविस्तर सांगा, सोमवारी रेडिएशनचा स्लॉट मिळालाय.